खोट्या नोंदींनी पहाऱ्याची परीक्षा

खोटी नोंद करू नये, हे आम्ही वर्गात नित्य सांगत असतो. आज मात्र खोट्या नोंदींचा एक सदुपयोग सांगावयाचा आहे.

संगणकावरील मजकुरात कोणी, केव्हा व कोणता फेरफार केला, याची वही ठेवणारी 'गिट' नावाची प्रणाली आहे. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ती निर्माण केली. तीतील प्रत्येक नोंदीस 'कमिट' म्हणतात. नोंद पक्की होण्यापूर्वी ती तपासणारी जी छोटी आज्ञावली असते, तिला 'हूक' असे नाव आहे. हा जणू वहीच्या दाराशी बसलेला पहारेकरीच होय. त्याने शून्य हा अंक परत केला, की नोंद आत जाते; अन्य कोणताही अंक दिला, की ती दारातूनच माघारी फिरते.

आमच्या संगणक-मंडळाच्या विद्यार्थ्यांनी असा एक पहारेकरी नेमला. नोंदीसोबतचा संदेश निदान १० अक्षरांचा असावा, एवढाच नियम. आठवडाभर एकही नोंद अडली नाही आणि सर्वांस समाधान वाटले. परंतु ज्याने कधी कोणास अडविले नाही, तो दक्ष आहे की निद्रिस्त, हे कसे कळावे? म्हणून आम्ही एक निराळी, कोरी वही उघडविली, तोच पहारेकरी जसाच्या तसा तेथे बसविला आणि मुद्दाम खोट्या नोंदी करविल्या. 'अलाउ एम्प्टी' हा पर्याय दिला असता मजकुरात काहीही न बदलता नोंद करता येते. त्यामुळे काम सोपे झाले.

पहिल्याच नोंदीने पितळ उघडे पडले. तीन अक्षरांचा इंग्रजी संदेश बिनदिक्कत आत गेला! गिट नमुन्यादाखल जे हूक देते, त्यांच्या नावास 'सॅम्पल' हे शेपूट असते. ते काढल्यावाचून हूक चालतच नाही. मुलांनी नमुन्याच्याच फाइलीत नियम लिहिला होता, शेपूट तसेच राहिले होते. ते काढताच इंग्रजी संदेश अडला. मग 'सुधारणा' हा मराठी शब्द पाठविला, तो पुन्हा सुखरूप आत! आज्ञावली अक्षरे न मोजता बाइट मोजीत होती. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. 'सुधारणा' या शब्दात काना-उकार धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. मराठी मुलांच्या वहीवरील पहारेकऱ्यास मराठीच मोजता येत नव्हते!

तेव्हा बाइटांऐवजी चिन्हे मोजण्याची दुरुस्ती केली. नंतर अडावयास हव्यात अशा आणि जावयास हव्यात अशाही नोंदी पाठवून पाहिल्या. कारण सरसकट सर्वांस अडविणारा पहारेकरीही तितकाच निरुपयोगी. शेवटी ती कोरी वही नष्ट केली. परीक्षेच्या वहीतील खोटी नोंद हा प्रयोग असतो. तीच खऱ्या वहीत गेली, तर ते असत्य ठरते.

एक गोष्ट उरते. 'नो व्हेरिफाय' हा पर्याय दिला, तर हा पहारा चुकवूनही नोंद करता येते. तो पर्याय वापरावा की नाही, हे ठरविणारा पहारेकरी मात्र ज्याचा त्यानेच आपल्या मनात नेमावयाचा असतो.