परसातली मिरची आणि टोमॅटो

२०२३ सालचा जुलै महिना. टोमॅटोचा भाव किलोला १०० रुपयांच्या वर गेला. बाजारात आम्ही भाव विचारला आणि रिकामी पिशवी घेऊन घरी आलो. घरामागे जागा पडून होती. पाणीही जवळ होते. आम्ही ठरवले, टोमॅटो आणि मिरची आता परसातच लावायची.

पहिल्या वेळी आमची फजिती झाली. बी छान उगवले. आनंदाच्या भरात आम्ही सकाळी पाणी घातले, संध्याकाळी पुन्हा घातले. काही दिवसांनी पाहतो तो काय, रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी झालेली! शेजारच्या आजी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अरे बाबांनो, रोपांना पाणी पाजता की बुडवता?"

आजींचे खरे होते. ओल फार झाली की मातीतली बुरशी वाढते. ती रोपाची मान कुजवते. याला रोप कोलमडणे म्हणतात. आडवे झालेले रोप मग उठत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही गादीवाफा केला. म्हणजे वीतभर उंच वाफा. त्यावर पाणी साचत नाही. मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळले. चार-चार बोटांवर ओळी ओढल्या आणि नखभर खोल, विरळ बी पेरले. वर वाळके गवत पसरले. बी उगवताच गवत काढून घेतले. वरची माती सुकली तरच झारीने पाणी दिले.

टोमॅटोचे रोप २५ ते ३० दिवसांत लावायला येते. मिरचीला आणखी आठ-दहा दिवस लागतात. ऊन उतरल्यावर रोपे लावावीत. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. टोमॅटोला काठीचा आधार द्यावा. सुतळी सैल बांधावी, कारण खोड पुढे जाड होते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. आमच्या एका टोमॅटोची पाने आकसली, पिवळी पडली. झाड खुजे राहिले. हाताने वाढवलेले झाड! उपटायला जीव होईना. म्हणून तसेच ठेवले. महिन्याभरात शेजारची झाडेही तशीच झाली. हा रोग पांढरी माशी पसरवते. ती रोगी पानातला रस पिते आणि मग चांगल्या झाडावर बसते. रोगी झाडाला औषध नाही. असे झाड दिसताच उपटावे आणि जाळावे.

मिरचीची पाने मुरडली तर आधी पान उलटून पाहा. तिथे बारीक फुलकिडे किंवा कोळी असतात. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घाला. सकाळी गाळून ते पाणी पानांच्या खालून फवारा. वेळीच फवारले तर मिरची सावरते.

आणि तंबाखू! तंबाखू मळलेला हात रोपाला लावू नये. तंबाखू, टोमॅटो आणि मिरची एकाच कुळातली. तंबाखूतला रोग हातावाटे रोपाला लागतो. आमच्या घरी यावरून थोडे भांडणही झाले. आता वाफ्याजवळ साबण ठेवलेला असतो. आधी हात धुवायचे, मगच वाफ्यात पाय टाकायचा.

टोमॅटोला लाली चढू लागली की तोडावा. टोपलीत ठेवला की तो दोन-चार दिवसांत पिकतो, आणि पाखरांच्या तोंडी जात नाही. मिरची देठासकट तोडावी. हिरवी तोडत राहिले की झाड पुन्हा फुलावर येते.