गाडीबैलाच्या खुराला शेक : घरच्या घरी, थोडक्या खर्चात



तोड आली, गाडी भरली आणि नेमका बैल लंगडला, तर गाडीवानाचे काय हाल होतात हे आपणांस ठाऊक आहेच. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते. मग 'चालेल तसा चालू दे' म्हणून लंगडा बैलच जुंपतात. तिथेच घात होतो.

खुराचे कवच टणक असते. खिळा किंवा काच आत शिरून पू झाला, तरी कवच फुगत नाही. पू आतल्या आत दाबला जातो आणि बैल पाय टेकत नाही. कोमट पाण्याने कवच मऊ होते व पुवाला वाट मिळते. शेकाचे मर्म एवढेच.

पाच लिटर कोमट पाण्यात 250 ग्रॅम मॅगसल्फ विरघळवावे. ते नसेल तर दोन मुठी खडे मीठ. पाणी आधी आपल्या कोपराला लावून पाहावे. आपल्याला सोसेल तेवढेच गरम.

बैल बादलीत पाय ठेवत नाही, ही नेहमीची तक्रार. त्यावर सोपा उपाय म्हणजे ट्रकची जुनी ट्यूब. दीड हाताचा तुकडा कापून एक टोक दुमडून घट्ट बांधावे. या पिशवीत खूर घालून पाणी ओतावे. वरचे टोक पायाला आवळू नये, हाताने धरावे. सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटे पुरे. पत्री असल्यास आधी नालबंदाकडून काढून घ्यावी. शेकानंतर खूर पुसून कोरडा करावा, स्वच्छ फडके बांधावे व बैल कोरड्या जागी ठेवावा. चार-चार तास भिजवू नये. खूर फार मऊ पडून खडे टोचतात.

दोन नख्यांमधली कातडी कुजली असेल, तर शंभर भाग पाण्यात पाच भाग मोरचूद घेऊन पाय बुडवावा. भांडे प्लॅस्टिकचे घ्यावे. ते पाणी जनावरांनी पिऊ नये, ओढ्यातही सोडू नये.

खिळा खोल गेला असेल, सूज वर चढली असेल किंवा दोन दिवसांत उतार नसेल, तर डॉक्टरांना बोलवावे व धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. तोंडातून लाळ गळत असेल, तर लाळ-खुरकूत समजून बैल लगेच वेगळा बांधावा.

दोन खेपा बुडाल्या तरी भरून निघतात. बैल बुडाला तर हंगाम गेला.