रस्त्यावर अडविलेला माणूस आणि अमेरिकेचा कायदा

पोलिसाने रस्त्यावर गाडी अडवावी, परवाना पाहावा, नियम मोडला असल्यास पावती फाडावी आणि चालकाला वाटेला लावावे, इतका हा साधा व्यवहार. अमेरिकेत तो वर्षाकाठी दोन कोटींहून अधिक वेळा घडतो. तेथील सामान्य नागरिकाचा पोलिसाशी संबंध बहुधा याच निमित्ताने येतो. यांतील बहुतेक प्रसंग कोणाच्या स्मरणातही राहत नाहीत. परंतु काही प्रसंगी मागचा एक दिवा बंद असल्याबद्दल थांबविलेला माणूस घरी परतत नाही. हे का घडते, आणि घडल्यानंतर कायदा नेमके काय पाहतो, याचा थोडा अभ्यास आम्ही येथे मांडीत आहोत. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या पोलीस भरतीला उतरतील, कोणी वकिलीचा काळा कोट चढवतील, आणि वाहन चालविण्याचा परवाना तर बहुतेक सर्वच जण काढतील. तेव्हा विषय दूरच्या देशाचा असला तरी तो परका मानण्याचे कारण नाही.

प्रारंभ एका मधुमेही माणसापासून करावा लागेल. 12 नोव्हेंबर 1984 रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील शार्लट शहरात डेथॉर्न ग्रॅहम या गृहस्थांना रक्तातील साखर उतरत असल्याची जाणीव झाली. संत्र्याचा रस घेण्यासाठी ते मित्राच्या गाडीतून दुकानात गेले. आत लांब रांग दिसली, म्हणून ते घाईने बाहेर आले आणि दुसऱ्या एका मित्राच्या घरी गाडी नेण्यास त्यांनी सांगितले. एक माणूस घाईने दुकानात शिरतो आणि तितक्याच घाईने बाहेर पडतो, एवढे कॉनर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याला संशयास पुरेसे वाटले. त्याने पाठलाग करून गाडी थांबविली. हा साखरेचा त्रास आहे असे मित्र सांगत होता. ग्रॅहम तर काही क्षण रस्त्याच्या कडेला शुद्ध हरपून पडले होते. मदतीला आलेल्या पोलिसांनी त्यांना मद्यपी ठरवून बेड्या घातल्या, गाडीच्या बॉनेटवर आपटले आणि पोलिसांच्या गाडीत कोंबले. दुसरा मित्र रस घेऊन आला, तोही त्यांना घेऊ दिला नाही. दुकानात काहीच घडले नव्हते असे कळल्यावर त्यांना घरी सोडण्यात आले. तोवर त्यांच्या पायाचे हाड मोडले होते, मनगटे कापली होती, कपाळाला आणि खांद्याला मार बसला होता.

या प्रकरणात 1989 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल आज तेथील पोलिसी बळाच्या प्रत्येक खटल्याचा पाया आहे. न्यायालयाने कसोटी ठरविली ती ‘वाजवीपणा’ची. तेथील राज्यघटनेची चौथी दुरुस्ती अवाजवी झडती व अटक यांपासून नागरिकाचे संरक्षण करते. म्हणून पोलिसाने वापरलेले बळ वाजवी होते की नाही, एवढेच पाहावयाचे. आणि तेही घटनास्थळी उभ्या असलेल्या विचारी पोलीस अधिकाऱ्याच्या नजरेतून. सर्व हकीकत उघड झाल्यानंतर सुचणाऱ्या शहाणपणाने त्याचा न्याय करावयाचा नाही. पोलिसाच्या मनातील हेतू चांगला की वाईट, हा प्रश्न या कसोटीत गैरलागू ठरला.

ही कसोटी ऐकताना न्याय्य वाटते, आणि काही अंशी ती आहेही. रात्रीच्या अंधारात क्षणार्धात निर्णय घेणाऱ्या माणसाला दिवाणखान्यात बसून दोष देणे सोपे असते. परंतु व्यवहारात तिचा एक परिणाम झाला. अनेक न्यायालये गोळी झाडली तो क्षण तेवढा वेगळा काढून पाहू लागली. त्या क्षणी पोलिसाला भीती वाटणे स्वाभाविक होते काय? होते, मग प्रश्न मिटला. तो क्षण आला कसा, गाडी अडविण्याचे मुळात कारण काय होते, आवाज प्रथम कोणी चढविला, हे सारे चौकटीबाहेर राहिले. आमच्या मते या विषयाचा गाभा येथेच आहे. बळाचा वापर गाडी अडविण्याच्या निर्णयापासूनच सुरू होतो. कायद्याने मात्र दीर्घकाळ त्याचे शेवटचे दोन-चार क्षणच मोजले.

पहिल्या क्षणाबाबत अमेरिकी कायदा किती उदार आहे, हेही पाहिले पाहिजे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, नियमभंगाबद्दल रीतसर थांबविलेल्या चालकाला पोलीस कोणतेही वेगळे कारण न देता गाडीबाहेर उतरण्यास सांगू शकतो. 1996 च्या व्रेन खटल्यात त्याहून मोठा दरवाजा उघडला. वाहतुकीचा एखादा नियम खरोखर मोडला गेला असेल, तर पोलिसाच्या मनात दुसराच हेतू असला तरी गाडी अडविणे घटनाविरोधी ठरत नाही, असा तो निकाल आहे. वाहतुकीचे नियम तर इतके असंख्य आणि बारीक आहेत की, कोणत्याही गाडीमागे दोन-चार मैल गेल्यास काही ना काही सापडतेच. म्हणजे अडविण्याची सबब नेहमीच हाताशी. 2001 साली टेक्सासमधील एका मातेचा खटला न्यायालयापुढे आला. सीटबेल्ट न लावल्याच्या अपराधाला केवळ दंडाची शिक्षा होती. तरी तिला बेड्या घालून ठाण्यावर नेण्यात आले होते. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती अटकही घटनेला धरून असल्याचे ठरविले.

आता फिलँडो कॅस्टील यांची हकीकत. शाळेच्या स्मरणिकेत तिला थोडी अधिक जागा दिली तर वाचक आम्हांस क्षमा करतील, कारण हे गृहस्थ एका शाळेच्या भोजनगृहाचे पर्यवेक्षक होते. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल येथील माँटेसरी शाळेत ते काम करीत. कोणत्या मुलाला कोणता पदार्थ सोसत नाही हे त्यांना पाठ असे, असे त्यांचे सहकारी सांगत. ज्याने आपल्या वसतिगृहाच्या पंगतीत वाढपी म्हणून एक दिवस जरी काम केले आहे, त्याला या स्मरणशक्तीचे मोल सांगावे लागणार नाही. तेरा-चौदा वर्षांत पोलिसांनी त्यांना किमान 46 वेळा थांबविले होते. एकूण दंड 6,000 डॉलरांहून अधिक झाला. बाहेरून पाहताच ध्यानात यावा असा नियमभंग त्यांपैकी मोजक्याच वेळी झालेला होता.

6 जुलै 2016 रोजी त्यांना अखेरचे थांबविण्यात आले. ब्रेकचा दिवा बंद आहे, असे कारण त्यांना सांगितले. प्रत्यक्षात, एका दरोड्यातील संशयिताशी, विशेषतः नाकाच्या ठेवणीवरून, चालकाचे साम्य वाटते असे त्या अधिकाऱ्याने बिनतारी यंत्रावरून आधीच कळविले होते. कॅस्टील यांनी शांतपणे सांगितले की, आपल्याजवळ पिस्तूल आहे. त्याचा रीतसर परवाना त्यांच्याकडे होता. संभाषण सुरू झाल्यापासून सुमारे मिनिटभरात अधिकाऱ्याने सात गोळ्या झाडल्या. गाडीत त्यांची मैत्रीण होती आणि मागच्या आसनावर तिची चार वर्षांची मुलगी. अधिकाऱ्यावर खटला चालला; 16 जून 2017 रोजी ज्युरीने त्याला निर्दोष सोडले. पुढे कॅस्टील यांच्या नावाने निधी उभा राहिला आणि त्यातून सेंट पॉलच्या शाळांतील मुलांची जेवणाची थकलेली बिले फेडण्यात आली.

हे प्रकरण एकटे नाही. 2015 च्या एप्रिलमध्ये साउथ कॅरोलिनात वॉल्टर स्कॉट यांना ब्रेकदिव्याबद्दलच थांबविले होते. ते पळू लागले असता पाठीत गोळ्या घातल्या गेल्या. एका वाटसरूने चित्रण केले नसते तर अधिकाऱ्याचीच हकीकत खरी मानली गेली असती. त्या चित्रणामुळे त्याला 20 वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये सँड्रा ब्लँड ही 28 वर्षांची स्त्री नव्या नोकरीसाठी टेक्सासमध्ये आली होती. मार्गिका बदलताना तिने इशारा दिला नाही म्हणून तिला अडविले. सिगारेट विझवावी की नाही यावरून वाद वाढला, विजेच्या धक्क्याच्या यंत्राचा धाक दाखवून तिला बाहेर काढण्यात आले, आणि तीन दिवसांनी ती तुरुंगाच्या कोठडीत मृतावस्थेत आढळली. हे तिघेही कृष्णवर्णीय होते, हे वाचकांनी एव्हाना ताडले असेल.

हा केवळ योगायोग मानावा काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी सुमारे दहा कोटी प्रसंगांच्या नोंदी तपासल्या. त्यांची एक पद्धत विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सायंकाळची तीच वेळ ऋतुमानानुसार कधी उजेडात येते, कधी अंधारात. अंधारात चालकाचा वर्ण सहजी दिसत नाही. अडविलेल्या चालकांतील कृष्णवर्णीयांचे प्रमाण अंधार पडल्यावर घटते असे त्यांना आढळले. याचा अर्थ शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही. फर्ग्युसन या गावाबद्दल अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च 2015 मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. त्या गावात कृष्णवर्णीयांची वस्ती 67 टक्के होती, थांबविलेल्या वाहनचालकांत मात्र ते 85 टक्के होते. नगरपालिकेची तिजोरी दंडाने भरावी अशी अपेक्षा वरिष्ठांकडून पोलिसांवर लादली जात होती, हेही त्या अहवालाने उघड केले. जेथे पावत्यांची संख्या हीच कर्तबगारी ठरते, तेथे शिपाई दुबळ्याचीच गाडी अधिक अडविणार. हे जाणण्यास अमेरिकेला जावे लागत नाही.

पोलिसांची बाजूही समजून घेणे भाग आहे. अमेरिकेत सामान्य माणसाजवळ बंदूक असू शकते. अडविलेल्या चालकाने गोळी झाडल्याने पोलीस ठार झाल्याच्या घटना खऱ्या आहेत, आणि त्यांची चित्रणे प्रशिक्षणार्थींना वारंवार दाखविली जातात. प्रत्येक गाडीत मृत्यू बसलेला असू शकतो, ही धारणा तेथून रुजते. जॉर्डन ब्लेअर वूड्स या कायद्याच्या प्राध्यापकांनी फ्लोरिडा राज्यातील दोनशेहून अधिक पोलीस दलांच्या दहा वर्षांच्या नोंदी तपासून 2019 साली या धारणेची परीक्षा घेतली. केवळ वाहतूक नियमासाठी केलेल्या थांबवणुकींत पोलिसाची हत्या होण्याचे प्रमाण त्यांना 65 लाखांत एक असे आढळले. गंभीर इजा 3,61,111 त एक, आणि लहानमोठा कोणताही हल्ला 6,959 त एक. पोलीस सावध असतात म्हणूनच हे आकडे लहान राहतात, असा प्रतिवाद यावर होऊ शकतो, आणि तो सर्वस्वी टाकाऊ नाही. परंतु जी भीती लाखांत एखाद्या वेळी खरी ठरते, तीच प्रत्येक वेळी वाजवी मानावयाची असेल, तर वाजवीपणाच्या कसोटीत मोजण्यासारखे काही उरत नाही.

येथे आपल्या राज्यघटनेशी जुळणारा एक धागा नोंदविणे अवश्य आहे. घटनेचा मसुदा तयार होत असताना सल्लागार बी. एन. राव अमेरिकेला गेले होते. तेथे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांच्याशी झालेल्या चर्चेचा परिणाम म्हणून जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमातून अमेरिकी धर्तीची शब्दयोजना गळली आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ एवढेच शब्द राहिले. या बदलाबद्दल मोठी नाराजी होती. 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीपुढे एक नवे कलम मांडले आणि आधी जे गमावले त्याची ही भरपाई आहे, अशा आशयाचे प्रतिपादन केले. तेच आजचे अनुच्छेद 22. अटक केलेल्या व्यक्तीला कारण कळविलेच पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, असे ते सांगते. ‘मला का अडविले?’ हा सामान्य माणसाचा पहिला प्रश्न. निदान अटकेपुरते तरी त्याचे उत्तर मिळण्याचा हक्क बाबासाहेबांनी घटनेतच लिहून ठेवला. गणवेशातील पोलिसाने मागितल्यास वाहन परवाना दाखविणे हे मात्र मोटार वाहन कायद्याप्रमाणे आपले कर्तव्य आहे. हक्काची जाण असणाऱ्याने तेही चुकवू नये.

अमेरिकेत शेवटच्या क्षणापलीकडे पाहण्याची वाट अलीकडे थोडी मोकळी झाली आहे. 28 एप्रिल 2016 रोजी टेक्सासमधील ह्यूस्टनजवळ अॅश्टियन बार्न्स यांना थकलेल्या पथकराच्या नोंदीवरून थांबविले. गाडी भाड्याची होती. बोलाचाली झाली, गाडी पुढे सरकू लागली, अधिकाऱ्याने दाराच्या पायरीवर उडी घेतली आणि दोन गोळ्या झाडल्या. त्याने पायरीवर पाय ठेवल्यापासून पहिली गोळी सुटेपर्यंत दोन सेकंद गेले होते. खालच्या न्यायालयांनी तेवढीच दोन सेकंदे विचारात घेतली. 15 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही पद्धत चुकीची ठरविली. निकाल न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिला: घटनेचा समग्र क्रम पाहिला पाहिजे, त्याला घड्याळाची मर्यादा घालता येत नाही. मात्र पोलिसाने स्वतःच धोका ओढवून घेतला असेल तर त्याचे काय, हा प्रश्न न्यायालयाने या वेळी हाती घेतला नाही. चार न्यायमूर्तींनी वेगळे टिपण जोडून, गाडी अडविणाऱ्या पोलिसापुढील धोक्यांवर भर दिला.

न्यायालयाचा निकाल हा नेहमी मृत्यूनंतरचा विचार असतो. म्हणून आम्हांला काही राज्यांनी आणि शहरांनी केलेले कायदे अधिक मोलाचे वाटतात. व्हर्जिनिया राज्याने 2020 साली असा कायदा केला की, काचेवरील गडद आवरण किंवा आरशाला टांगलेली वस्तू अशा किरकोळ दोषांसाठी गाडी अडवू नये. आणि अडविलीच तर त्यातून मिळालेला पुरावा, चालकाने झडतीला संमती दिली असली तरी, न्यायालयात चालू नये. येथे सबबीची उपयुक्तताच काढून घेतली आहे. फिलाडेल्फिया शहराने 2021 मध्ये आठ किरकोळ दोषांची यादी केली. केवळ त्यांवरून पोलिसांनी कोणाचीही गाडी थांबवावयाची नाही. त्या यादीत बंद पडलेला एक ब्रेकदिवाही आहे.