अक्कलदाढ काढायची आहे? घाबरू नका, आधी समजून घ्या



अकरावी-बारावीच्या वर्गात एखादे लेकरू गालाला हात लावून बसलेले दिसते. विचारले तर म्हणते, "सर, दाढ लई ठणकायली, तोंडच उघडंना." घरी लवंग दाबून, गोळी देऊन दिवस ढकलले जातात. डॉक्टरांनी दाढ काढा म्हटले की घरात भीती शिरते. ही भीती कमी व्हावी म्हणून आजचा हा पाठ.

अक्कलदाढ म्हणजे काय?

आपल्याला दात किती? पटाशीचे ८, सुळे ४, उपदाढा ८ आणि दाढा १२, असे एकूण ३२. या १२ दाढांपैकी सर्वांत मागच्या चार म्हणजे अक्कलदाढा. त्या साधारण १७ ते २५ या वयात, म्हणजे शहाणपण यायच्या वयात येतात, म्हणून हे नाव. अकलेशी त्यांचा काही संबंध नाही. काहींना त्या चारही येत नाहीत, तेही नॉर्मलच आहे.

मग त्रास का होतो?

जबड्यात जागा कमी पडते. दाढ आडवी होते किंवा अर्धीच वर येते. अर्ध्या दाढेवर हिरडीचा पदर राहतो, त्याखाली अन्न अडकते, पू होतो, गाल सुजतो आणि तोंड उघडत नाही. शेजारची चांगली दाढही किडू शकते.

पण प्रत्येक अक्कलदाढ काढावीच लागते असे नाही. सरळ आलेली, स्वच्छ राहणारी, न दुखणारी दाढ तशीच ठेवतात. इंग्लंडमध्ये तर २००० सालापासून, त्रास नसलेली अक्कलदाढ उगाच काढू नये, असेच मार्गदर्शन आहे.

काढताना नेमके काय करतात?

१. आधी एक्स-रे काढतात. दाढेची मुळे आणि खालच्या जबड्यातील नस यांच्यात किती अंतर आहे ते त्यात कळते.
२. भुलीचे इंजेक्शन देतात. टोचल्याचे जाणवते, नंतर ओठ-जीभ जड होते. दुखत नाही, पण दाब आणि आवाज जाणवतो. हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.
३. दाढ सरळ असेल तर काही मिनिटांत निघते. आडवी असेल तर हिरडी कापून, थोडे हाड घासून, दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात.

मधुमेह, दमा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे.

एक गंमत सांगतो. ११ डिसेंबर १८४४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावात होरेस वेल्स या दंतवैद्याने हसवणारा वायू घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली होती. वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करण्याच्या वाटेवरचे ते मोठे पाऊल ठरले.

घरी आल्यावर

- कापसाचा बोळा अर्धा ते एक तास दाबून ठेवा. सारखे थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका.
- पहिल्या दिवशी गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावा.
- चूळ पहिल्या दिवशी भरू नका. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळुवार भरा.
- थंड दूध, दही-भात, मऊ वरण-भात, गार केलेल्या कण्या चालतात. ठेचा, चिवडा, कडक भाकरी नको.
- सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दिसते, मग उतरते. टाके साधारण आठवड्याने काढतात.

जखमेत तयार होणारी रक्ताची गुठळी हेच तिचे झाकण असते. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी जोराचा ठणका लागतो. तंबाखू, विडी, मिश्री यांनी हा धोका वाढतो. आपला हिंगोली-वसमतचा भाग हळदीचा, त्यामुळे जखमेवर हळद भरायची सवय आहे. पण दाढेच्या खड्ड्यात हळद, लवंगतेल किंवा गोळीचा चुरा भरू नये.

रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतर सूज वाढत असेल किंवा ओठ बधिरच राहिला तर डॉक्टरांना लगेच दाखवा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट मोठा दवाखाना गाठा.

"दाढ काढली की नजर जाते"

हे घराघरात ऐकू येते. पण ते खरे नाही. डोळ्याने पाहण्याची नस वेगळी आणि दाढेची नस वेगळी. उलट, या भीतीने पू अंगावर काढला तर संसर्ग मानेपर्यंत पसरू शकतो आणि ते जिवावर बेतते.

शाळेत काय करता येईल?

- दहावीच्या मुलांना आरशात आपले दात मोजायला सांगा. बऱ्याच जणांचे २८ भरतील. उरलेले चार कुठे आहेत, यावरून पाठ सुरू होतो.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत आले की दाढ दुखणारी मुले आवर्जून दाखवा.
- दाढ काढायचे ठरले तर शक्यतो बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर नको. दिवाळी किंवा उन्हाळ्याची सुट्टी बरी. पू असेल तर मात्र सुट्टीची वाट पाहू नका.
- चार-पाच दिवस विश्रांती लागली तर त्या लेकराचा अभ्यास वहीतून घरी पोहोचवा.

हा पाठ पालक सभेत जरूर वाचून दाखवा. दुखणे लपवणाऱ्या एखाद्या लेकराला तेवढ्याने वेळेवर उपचार मिळतील.