डोंगरवाटेचें गणित

गणिताच्या पुस्तकांतला मनुष्य नेहमीं सपाट रस्त्यानें चालतो. तो दमत नाहीं, त्यास तहान लागत नाहीं, आणि मागें रेंगाळणारा सोबतीही त्याच्याबरोबर नसतो. म्हणून अंतरास वेगानें भागिलें कीं उत्तर मिळतें. आपल्या सह्याद्रींत मात्र असा रस्ता नाहीं आणि असा मनुष्यही नाहीं. शनिवार-रविवारची सुटी आली कीं आमचे पुष्कळ आजी-माजी विद्यार्थी चार-सहा मित्र जमवून किल्ल्यांवर पायीं जातात. कित्येक जण सायकली घेऊन डोंगरांतील कच्च्या वाटा धुंडाळितात. हा छंद उत्तम आहे व तो वाढावा अशीच आमची इच्छा आहे. परंतु त्यास लागणारें गणित फारसें कोणी शिकवीत नाहीं. तें येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विल्यम नेस्मिथ नांवाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानें १८९२ सालीं एक साधा नियम सांगितला. आजच्या मापांत तो असा: अंतराच्या दर ५ किलोमीटरांस एक तास धरावा, आणि चढाच्या दर ६०० मीटरांस आणखी एक तास त्यांत मिळवावा. पुण्याजवळच्या सिंहगडाचें उदाहरण घेऊं. आतकरवाडीहून गडावर जाणारी पायवाट सुमारें पावणेतीन किलोमीटरांची आहे. सपाटीवर इतक्या अंतरास अर्धा तास पुरला असता. पण ही वाट सुमारें ६०० मीटर चढते, तेव्हां आणखी तासभर मिळविला पाहिजे. म्हणजे अर्ध्या तासाची वाट दीड तासाची झाली. नकाशावर बोटानें अंतर मोजून निघणाऱ्यांची फसगत होते ती येथेंच.

आतां हा हिशेब सुदृढ व सरावलेल्या एकट्या मनुष्याचा झाला. मित्रमंडळी निघाली म्हणजे तिचा वेग हा सर्वांच्या वेगांची सरासरी नसतो. जो सर्वांत हळू चालतो त्याचा वेग तोच सर्वांचा वेग. ही गोष्ट उघड असूनही ती कोणी ध्यानांत घेत नाहीं. चपळ मुलें पुढें जातात, झाडाखालीं बसतात, पाणी पितात, आणि मागचा सोबती धापा टाकीत येऊन पोंचतांच "चला" म्हणून उठतात. परिणाम असा होतो कीं ज्यांस विश्रांतीची गरज थोडी त्यांस ती भरपूर मिळते, आणि ज्यास ती सर्वांत अधिक हवी त्यास मुळींच मिळत नाहीं. दुपार होईपर्यंत तो मुलगा खरोखरच थकतो, आणि मग त्याच्यामुळें उशीर झाला असा बोल मात्र त्यासच लागतो.

यांत केवळ अन्याय नाहीं, धोकाही आहे. सह्याद्रींत गुरांच्या येण्याजाण्यानें पडलेल्या ढोरवाटा असंख्य असतात आणि त्या खऱ्या पायवाटेहून अधिक ठसठशीत दिसतात. कारवीच्या दाट रानांत दहा पावलांवरचा मनुष्य दिसत नाहीं. पुढची मंडळी दृष्टीआड झाली म्हणजे मागचा एकटा दुफाट्याशीं उभा राहतो, आणि चुकीच्या वाटेच्या शेवटीं पुष्कळदां कडा असतो. म्हणून क्रम असा असावा: वाट जाणणारा पुढें, सर्वांत हळू चालणारा त्याच्या पाठोपाठ, आणि एक बळकट, अनुभवी गडी सर्वांच्या मागें. प्रत्येक फाट्यावर सर्वांनीं एकत्र व्हावें आणि शेवटचा मनुष्य पुरेसा बसल्यावांचून कोणीं उठूं नये.

सायकलस्वारांस हा नियम अधिक कडक रीतीनें पाळावा लागतो. कारण उतारावर दोघांमधलें अंतर क्षणांत वाढतें. पदार्थविज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों कीं गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट झाला तर थांबण्यास चौपट अंतर लागतें, तिप्पट झाला तर नऊपट. ही सारी ऊर्जा ब्रेकला उष्णतेच्या रूपानें सोसावी लागते. अमेरिकेंत, कॅलिफोर्नियांतील मॅरिन परगण्यांत, १९७६ सालीं कांहीं तरुणांनीं जुन्या, जाड टायरांच्या सायकलींवरून डोंगर उतरण्याच्या शर्यती सुरू केल्या. आजची माउंटन बाइक ज्या खटपटींतून जन्मली त्यांत यांचीही गणना होते. एका उतरणींत मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे कीं आंतलें ग्रीस जळून जाई व तें पुन्हां भरावें लागे; त्यावरून त्या वाटेस 'रिपॅक' हेंच नांव पडलें. आपल्याकडील सुट्या मुरुमावर तर पुढचा ब्रेक एकाएकीं दाबला कीं चाक घसरतें. ज्या उतरणीचा शेवट दिसत नाहीं तेथें खालीं उतरून सायकल हातीं धरून चालणें यांत कमीपणा नाहीं.

राहिला प्रश्न सूर्याचा. डिसेंबर महिन्यांत पुण्याकडे तो सहाच्या सुमारास मावळतो, आणि आपल्या प्रदेशांत संधिप्रकाश अर्धा तासही टिकत नाहीं. तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम वाचून रात्रीं कड्यानें चढण्याची हौस कित्येकांस वाटते. परंतु ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीं त्यांस गड घ्यावयाचा होता. अंधार व कडा त्यांनीं हौसेनें पत्करिले नव्हते. आपणांस तशी निकड कोणती? यास्तव परत फिरण्याची वेळ घरून निघतांनाच ठरवावी. वर गेल्यावर शिखर हाकेच्या अंतरावर भासतें, मित्र आग्रह करितात, आणि तेव्हां बुद्धीचें कोणी ऐकत नाहीं.

शेवटीं विद्यार्थ्यांनीं एक उदाहरण सोडवून पाहावें. वाट ५ किलोमीटर, चढ ९०० मीटर. नेस्मिथच्या नियमानें अडीच तास. चौघांपैकीं एकास दीडपट वेळ लागतो, म्हणजे पावणेचार तास. उतरण्यास त्यास तीन तास. मंडळी दुपारीं बाराला निघाली आहे व साडेपांचाच्या आंत पायथ्याशीं पोंचावयाचें आहे. तर कोणत्या वेळीं परत फिरावें?

उत्तर तीन वाजतां. तेव्हां उतरण्यास २ तास २४ मिनिटें लागतील. त्या वेळीं शिखर अवघ्या पाऊण तासावर असेल, आणि तिघांचे पाय अद्याप ताजे असतील. उत्तर काढणें सोपें आहे. त्या ठिकाणीं उभें राहून चौथ्याकडे न बघतां, त्यास एक शब्दही न बोलतां, चौघांनीं हंसतमुखानें मागें वळणें ही मात्र या गणिताची खरी परीक्षा होय. आणि जी मंडळी तींत उतरते ती पुढच्या शनिवारीं सकाळीं सहाला, पुरती चौघांची, पुन्हां निघते.