साखर ४८०, सोडियम १२९: मिठाचे पाणी द्यावे का?

प्रश्न : वडील ६४ वर्षांचे, जुने मधुमेही. कालच्या रिपोर्टमध्ये साखर ४८० आणि सोडियम १२९ आले. शेजारी म्हणतात, मिठाचे पाणी द्या. द्यावे का?

उत्तर : मुळीच देऊ नका. या आकड्यावरून अंगातले मीठ कमी झाले, असे ठरत नाही. रक्तात साखर फार साठली की ती पेशींमधले पाणी बाहेर ओढते. रक्त पातळ होते आणि सोडियम कमी दिसते. ढोबळ हिशेब असा : साखर १०० च्या वर जेवढी, त्यातल्या दर शंभरामागे सोडियममध्ये १.६ मिळवायचे. म्हणजे वडिलांचे सोडियम साधारण १३५, नॉर्मलच्या खालच्या टोकाला. साखर उतरली की तेही बहुधा वर येईल.

मला खरी काळजी पाण्याची वाटते. साखर साधारण १८० च्या वर गेली की लघवीतून जाऊ लागते आणि सोबत पाणीही नेते. जीभ कोरडी पडते का, उठताना चक्कर येते का, बघा. डॉक्टरांना आजच दाखवा. युरिया, क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि कीटोन तपासून घ्या. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल, तर पाणी किती प्यायचे तेही त्यांनाच विचारा. गुंगी, उलट्या किंवा धाप दिसली, तर थांबू नका, थेट रुग्णालयात न्या.