गच्चीवरील शेवाळ

प्रस्तावना

छत्तीसगढमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून ओळखले जाते. १९५५ साली झालेल्या भारत-सोव्हिएत करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कामगारांसाठी ‘सेक्टर’ या नावाने वसाहती वसवण्यात आल्या. पोलाद घडवणाऱ्या या शहरातील घरांच्या स्लॅबमध्येही पोलादी सळ्याच आहेत, आणि ओलावा हा त्या सळ्यांचा शत्रू आहे. गच्चीवरचे शेवाळ हा ओलावा धरून ठेवते.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• शेवाळ का वाढते, हे सांगता येईल;
• ते सुरक्षितपणे काढता येईल;
• ते पुन्हा वाढू नये म्हणून उपाय योजता येतील.

शेवाळ म्हणजे काय?

भिलाईत साधारणपणे जूनच्या मध्यास पाऊस सुरू होतो. तो सप्टेंबरअखेरपर्यंत टिकतो. या काळात सावलीच्या, पाणी साचणाऱ्या जागी हिरवी मखमल पसरते. शेवाळाला खरी मुळे नसतात. केसांसारख्या तंतूंनी ते पृष्ठभागाला चिकटते आणि सर्वांगाने पाणी शोषून घेते. उन्हाळ्यात ते वाळून काळपट दिसते. परंतु वाळलेले शेवाळ मेलेले असतेच असे नाही. पहिल्या सरीबरोबर ते पुन्हा हिरवे होते.

शेवाळाखाली गच्ची सतत ओली राहते. भेगांमधून ओल सळ्यांपर्यंत पोहोचते आणि सळ्या गंजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आतून दाब पडून स्लॅब तडकतो व छताचे पोपडे खाली पडतात. म्हणजेच आज दुर्लक्षित राहिलेला हिरवा थर उद्या मोठ्या खर्चाचे कारण ठरतो.

शेवाळ कसे काढावे?

ओले शेवाळ निसरडे असते. म्हणून हे काम पावसापूर्वी, गच्ची कोरडी असताना करावे. कठडा नसेल, तर काठाजवळ जाऊ नये. कौले किंवा सिमेंटचे पत्रे भार सोसत नाहीत. त्यांवर पाय देऊ नये.

१. प्रथम खराट्याने व लाकडी पट्टीने थर खरवडून काढावा. कचरा पन्हाळीत लोटू नये. तो भरून खाली आणावा.
२. नंतर ब्लीचिंग पावडरचे द्रावण पाकिटावरील सूचनेप्रमाणे तयार करून लावावे. हातमोजे घालावेत व डोळे जपावेत.
३. काही वेळाने घासून भरपूर पाण्याने धुवावे. हे पाणी टाकीत किंवा विहिरीत जाऊ देऊ नये.

अनेक जण यासाठी ॲसिड वापरतात. ते योग्य नाही. ॲसिड सिमेंटमधील चुना विरघळवते. त्यामुळे पृष्ठभाग खडबडीत होऊन शेवाळाला अधिक आसरा मिळतो. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर तर कधीही एकत्र करू नयेत. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

पुन्हा वाढू नये म्हणून

शेवाळाला ओलावा आणि सावली हवी असते. या दोन गोष्टी दूर केल्या, की निम्मे काम होते. गच्चीला पन्हाळीकडे पुरेसा उतार असावा. पन्हाळी पावसापूर्वी साफ कराव्यात. टाकीतून वाहणारे पाणी थांबवावे, गच्चीवर झुकलेल्या फांद्या छाटाव्यात आणि भेगा उन्हाळ्यातच बुजवाव्यात. शेवटी चुन्याचा हात द्यावा. चुन्याच्या क्षारतेमुळे शेवाळाची वाढ रोखली जाते, शिवाय पांढरा रंग ऊन परतवतो व घर थंड राहते. मात्र पावसाने चुना धुऊन जातो. म्हणून हा हात दरवर्षी द्यावा लागतो.

साचलेले पाणी नाहीसे झाले, की डासांची पैदासही कमी होते. एका दिवसाच्या श्रमाने घर आणि घरातील माणसे, दोहोंचे रक्षण होते.

शब्दार्थ

पन्हाळ – छतावरील पाणी वाहून नेणारी नळी
क्षारता – आम्लाच्या विरुद्ध गुणधर्म

स्वाध्याय

१. वाळलेले शेवाळ पुन्हा हिरवे का होते?
२. ॲसिड वापरण्याचे दोन धोके लिहा.
३. तुमच्या घराच्या छताची पाहणी करून पाणी साचणाऱ्या जागांची यादी करा.